मालिकेतली सून आणि स्वयंपाकघरातली सून

संध्याकाळी देवापुढचं निरांजन अजून तेवत असतं तोवर आमच्या घरातला टीव्ही सुरू होतो. याला पंचवीस वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत टीव्ही तीनदा बदलला. डब्यासारखा होता तो भिंतीवर चिकटला, केबल गेली आणि गच्चीवर छत्री आली. घरातली माणसंही बदलली, काही गेली, काही नवी आली. बदलली नाही ती एकच सवय. मालिका बघता बघता मोठ्यानं मत द्यायची सवय.

"काय बाई ही, एवढं सहन करतात का?" "हिच्या जागी मी असते तर दाखवलं असतं." "आईबापानं काही वळणच लावलेलं नाही बघा."

तुमच्याही घरी हे चालतच असणार. खरं सांगायचं तर मत देणं हाच मालिकेचा निम्मा आनंद. कथा काय, चार दिवस चुकली तरी पाचव्या दिवशी तिथंच सापडते. पण शेजारी बसून 'हो ना, अगदी खरं' म्हणणारं कुणी नसेल तर मालिका अळणी लागते. आमचे हे पेपरात तोंड घालून बसतात आणि मधूनच "अजून त्या दोघांचं मिटलं नाही होय?" म्हणून विचारतात, म्हणजे त्यांचंही लक्ष असतंच.

या मतांचं मला कधी काही वाटलं नव्हतं. बोललं, हसलं, संपलं. ते तसं संपत नाही, हे मला कळायला साठी उलटावी लागली.

1999 साली अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं आणि 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा आणि मनोज जोशींचा शरद. शिकवणारी, घर चालवणारी, दोन मुलींची आई असलेली सुधा, आणि दुसऱ्या बाईत गुंतलेला नवरा. आमच्या शहापुरातल्या गल्लीत त्या वेळी रस्त्यावर माणूस दिसत नसे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेतून येऊन कणीक मळायला घ्यायची आणि बाहेरच्या खोलीतून मालिकेचा आवाज ऐकायचा. सासूबाई खुर्चीत बसून बघायच्या. बघता बघता म्हणायच्या, "बाई दिवसभर बाहेर राहिली की घराचं असंच होतंय."

त्या ते सुधाला म्हणत होत्या. माझ्याकडे बघून नाही, माझं नावही घेऊन नाही. पण माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. घरात पगार माझा यायचा, डबे मी भरायचे, आणि तरी ते वाक्य दारातून सरळ ओट्यापर्यंत यायचं. उलटून काही बोलावं तर त्या म्हणाल्या असत्या, "अगं, मी तुला कुठं म्हटलं? मी तर टीव्हीतलीला बोलले." पुढं 2001 साली 'चार दिवस सासूचे' सुरू झाली. रोहिणी हट्टंगडींच्या आशा देशमुखांवर त्यांचा फार जीव. तीन हजारांवर भाग झाले त्या मालिकेचे, 2013 पर्यंत चालली. सासूबाईंना मात्र शेवट बघायला मिळाला नाही, त्या 2008 साली गेल्या. त्यांच्या मागं ती खुर्ची माझ्याकडे आली. आणि खुर्चीबरोबर सवयही आली, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

2017 साली मुलाचं लग्न झालं. त्यानं स्वतःच जमवलेलं. सून धारवाडची, घरी पक्कं कन्नड. आपल्या भागात याचं फार नवल करू नये, आपल्या निम्म्या गल्ल्यांत असे संसार आहेत. पण नवल नसलं तरी अडचण असतेच. माझं कन्नड भाजीबाजारातलं. 'एष्टु' म्हणायचं, भाव ऐकायचा आणि 'ब्याड' म्हणून पुढं जायचं. तिचं मराठी लग्नानंतरचं. 'मालिका आला' म्हणायची, 'दूध उतू गेला' म्हणायची. मुलगा हसायचा, मी त्याला दटावायचे. पण मनातल्या मनात मीही दुरुस्त करायचेच. शाळामास्तरणीची खोड, दुसरं काय!

मराठीत बोलताना ती मला आई म्हणते. घाबरली किंवा फार आनंद झाला की मात्र 'अत्ती' निघतं तोंडून.

पहिलं वर्ष आम्ही दोघी फार जपून वागलो. इतकं जपून, की गप्पाच होत नसत. 2018 च्या ऑगस्टमध्ये 'तुला पाहते रे' आली तेव्हा कुठं आम्हाला बोलायला विषय मिळाला. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे, गायत्री दातारची ईशा निमकर, साडेआठची वेळ. तो चाळिशी ओलांडलेला उद्योगपती, ती विशीतली साध्या घरातली पोर. मला सगळ्यात आवडली ती ईशाची आई. गार्गी फुले यांनी केलेली पुष्पा, मुलीच्या काळजीनं सतत धुसफुसणारी, तोंडानं फटकळ पण आतून मऊ. अशा आया आपल्याकडे गल्लीत चार भेटतात. पुढं विक्रांतचं खरं रूप बाहेर आलं, राजनंदिनी आणि पुनर्जन्म आला, तेव्हा माझी निराशा झाली. दोन वयांतलं अंतर हा चांगला प्रश्न हाती होता. तो सोडून मालिका भलतीकडेच गेली. 2019 च्या जुलैत ती संपली.

आणि सप्टेंबरात झी कन्नडवर 'जोते जोतेयली' लागली. तीच कथा! विक्रांतचा आर्यवर्धन झाला, निमकरांची ईशा सिरीमनेंची अनु झाली. आर्यवर्धन म्हणून विष्णुवर्धन यांचे जावई अनिरुद्ध, अनु म्हणून मेघा शेट्टी. तोपर्यंत सून मांडीवर बाळ घेऊन बसायची, नात त्याच वर्षी झाली होती. 'तुला पाहते रे'चा शेवटचा भाग तिनं बाळंतपणाच्या गडबडीत बघितलाच नव्हता. मला पुढचं सगळं ठाऊक, तिला काहीच नाही.

"आई, सांगायचं नाही हां," असं तिनं मला बजावलं होतं. मी सांगत नसे. पण आर्यवर्धन गोड बोलायला लागला की मी नुसतं "हं..." म्हणायचे. ती उशी माझ्याकडे फेकायची. 2020 च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं, सगळीकडे जुने भाग लागायला लागले. कन्नड मालिकांचे नवे भाग मराठीच्या आधी सुरू झाले तेव्हा आमच्या घरात जणू सणच होता. ते दिवस भीतीचे होते, पण ती संध्याकाळची वेळ आठवली की अजून बरं वाटतं.

दोन्ही मालिका शेजारी ठेवून बघण्यात गंमत असते. कथा तीच, तरी घर वेगळं. इकडं हळदीकुंकू, तिकडं अरिशिन-कुंकुम. इकडं उखाणा घेताना नवी नवरी लाजते, तिकडं तो प्रसंगच दुसऱ्या कशानं तरी भरून काढलेला. मंगळसूत्राची घडण वेगळी, साडीचा पदर वेगळा, आईच्या रागावण्याचा सूरही वेगळा. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सून मधूनच हसायची. विचारलं तर म्हणायची, "हे बेंगळूरचं कन्नड हो आई. आमच्या धारवाडात असं कुणी बोललं तर 'एनवा, भाळ श्याणी आगी' म्हणतील." मी म्हटलं, आमचंही तेच. टीव्हीतलं मराठी पुण्या-मुंबईचं. 'काय करुलास' म्हणणारी सून मला अजून एकाही मालिकेत दिसलेली नाही. आम्ही दोघीही आपापल्या भाषेच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या बायका, आत काय चाललंय ते काचेतून बघणाऱ्या. त्या दिवशी ती मला जरा जास्त जवळची वाटली.

पण सवय सुटली नव्हती. 'जोते जोतेयली' बघताना मी एकदा म्हटलं होतं, "आजकालच्या पोरी आईबापांचं कुठं ऐकतात! आपलं आपण जमवतात आणि मग रडत बसतात." सून उठली आणि कुकर लावायला आत गेली. कुकरची वेळ झाली असेल असं मला वाटलं.

2021 च्या डिसेंबरात 'पुट्टक्कन मक्कळु' सुरू झाली. उमाश्रींची मालिका म्हणून आमच्या विहीणबाईंनी धारवाडहून फोन करून सांगितलं होतं. उमाश्री म्हणजे 'गुलाबी टॉकीज'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या, पुढं कर्नाटकात मंत्री झालेल्या. त्या परत पडद्यावर येणार म्हणून कन्नड घरांत केवढी उत्सुकता होती. पुट्टक्काला तीन मुली, मुलगा नाही. म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं. ती खाणावळ चालवून मुलींना वाढवते.

ही कथा मला आधी ठाऊक नव्हती. कुठल्या मराठी मालिकेत बघितलेली नव्हती. भाषाही मंड्याकडची, खेड्यातली, माझ्या बाजारी कन्नडच्या पलीकडची. तेव्हा मी गप्प बसून बघायला लागले. मराठी मालिका मी भाजी निवडता निवडता ऐकते, वाक्य पुरं व्हायच्या आत मत तयार असतं. इथं तसं चालेना. उमाश्रींचा चेहरा बघायचा, हात बघायचे, तव्यावरच्या भाकरीकडे बघत असताना डोळ्यांत काय येतंय ते बघायचं, आणि मग सुनेला विचारायचं, "काय म्हणाली गं ती?" ती सांगायची. कधी एकाच वाक्याचा अर्थ सांगायला तिला पाच मिनिटं लागायची, कारण नेमका मराठी शब्द मिळायचा नाही. पहिल्यांदाच असं झालं, की टीव्हीपुढं ती बोलत होती आणि मी ऐकत होते.

एका संध्याकाळी मालिकेत पुट्टक्काच्या नवऱ्याचा विषय निघाला. मुलगा नाही म्हणून बाईला टाकलं. एवढं मला सुनेच्या मदतीशिवाय समजलं. आणि समजलं तसं माझं तोंड सुटलं. "काय माणूस म्हणायचा हा! पोटच्या तीन लेकी दिसत नाहीत? असल्यांना चौकात उभं केलं पाहिजे."

सून शेंगा सोलत होती. मान वर न करता हळूच म्हणाली, "अत्ती, बारशाच्या दिवशी तुम्ही म्हणाला होता."

"काय म्हणाले होते?"

"सगळ्यांसमोर म्हणाला होता. 'पोर गोड आहे, पुढच्या वेळी मुलगा होऊ दे म्हणजे झालं.' माझी आई तिथंच बसली होती."

मला आठवेना. म्हणजे असं बघा, मी ते म्हटलंच नसेन असं मला छातीठोक म्हणता येईना. घर पाहुण्यांनी भरलेलं, पाळणा सजवलेला, घुगऱ्या वाटल्या जात होत्या. अशा वेळी बायका जे म्हणतात ते मी म्हटलं असणार. हसतच म्हटलं असणार. माझं म्हणून झालं आणि मी विसरले. तिनं ते अडीच वर्षं सांभाळलं होतं. बाळंतपणात तिला त्रास झाला होता, डॉक्टरांनी पुढं जपायला सांगितलं होतं, तेही मला ठाऊक होतं.

"अगं, मी सहज..." एवढंच मी म्हटलं आणि थांबले. कारण ते वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. 'मी तुला कुठं म्हटलं? मी तर टीव्हीतलीला बोलले.' लाटणं हातात धरून उभी असलेली मी मला दिसले. आणि मग तो कुकरही आठवला. आजकालच्या पोरी, आपलं आपण जमवतात. कुकरची वेळ झालेली नव्हतीच.

जाहिराती सुरू झाल्या. साबण, हिंग, सोन्याचं दुकान. एरवी जाहिरातीत आम्ही उठतो. त्या दिवशी दोघीही बसून राहिलो.

रात्री झोप लागली नाही. सासूबाईंचा मला राग होता, तो कुठंतरी दडून बसला होता, तो आधी वर आला. मग वाटलं, त्यांना तरी कुणी सांगितलं होतं का? मी कधी एक अक्षर बोलले नाही. सोसण्याला मी माझा चांगुलपणा समजत होते. त्या गेल्या तेव्हा त्यांना ठाऊकच नव्हतं, की आपण काय बोलत होतो. या पोरीनं मला सांगितलं, हे तिचे उपकार मानायचे की अपमान मानायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

सकाळी ती दूध तापवत होती. मी मागं जाऊन उभी राहिले. मराठीत शब्द पुष्कळ होते, आयुष्यभर शिकवलेच आहेत. पण मराठीत बोलले असते तर मी कारणंही दिली असती, दोन उदाहरणं दिली असती. म्हणून मला येत होतं तेवढ्या कन्नडात म्हटलं, "नंद तप्पातु."

ती वळली. आधी डोळे भरले आणि मग एकदम हसायला आलं तिला. माझा उच्चार चुकला असणार. म्हणाली, "राहू दे हो आई. दूध उतू जाईल."

'जाईल' म्हणाली. दूध गेला नाही, उतू जाईल. मी काही दुरुस्त केलं नाही, करायचं काही नव्हतंच.

यानंतर आमच्या घरात सगळं गोडीगुलाबीचं झालं असं मी सांगणार नाही. भांडी आपटली जातात, फ्रीजमधल्या डब्यांवरून वाद होतात. पण टीव्हीपुढची बैठक बदलली. आता ती फटकन म्हणते, "हे त्या सुनेला म्हटलं की मला?" मीही कधी खरं सांगते, "थोडं तुलाही." मग जे काय असेल ते तिथल्या तिथं निघतं.

2024 च्या जानेवारीत कन्नडात 'लक्ष्मी निवास' सुरू झाली आणि डिसेंबरात तीच मराठीत आली. या वेळी पारडं फिरलं. पुढचं सगळं तिला ठाऊक, मला नाही. स्वतःचं घर बांधायचं स्वप्न बघणारे लक्ष्मी आणि श्रीनिवास, मराठीत हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी. आमच्या ह्यांनी पेपर बाजूला ठेवून बघितलेली ही पहिली मालिका. निवृत्तीचे पैसे, मुलांचे हिशेब, मुलींची लग्नं. आमच्याकडेही जुन्या घराची डागडुजी करायची की विकून टाकायचं यावर दोन वर्षं कुणी स्पष्ट बोलत नव्हतं. श्रीनिवासच्या निमित्तानं हे आणि मुलगा बोलले. घर अजून आहे तिथंच आहे, पण पत्रे बदलले.

मालिकेवर माझं मत विचाराल तर पहिले काही महिने उत्तम होते. पुढं ताणली. एका घरात एवढी संकटं येत नाहीत, आली तरी पाठोपाठ पार्श्वसंगीत वाजवत येत नाहीत. पण जान्हवीचं लग्न जयंतशी ठरलं तेव्हा मी फसले, हे कबूल करते. "जावई असावा तर असा, किती जपतो तिला!" मी म्हटलं. सून नुसतं "हं..." म्हणाली. तेच माझं जुनं "हं"! लग्नानंतर जयंत बायकोवर पाळत ठेवायला लागला, तिचा श्वासही आपल्या मर्जीनं चालावा असं बघायला लागला, तेव्हा मी उशी शोधायला लागले.

आमच्या भजनी मंडळातल्या एकदोघी अजून म्हणतात, एवढं प्रेम करणारा नवरा मिळायला नशीब लागतं. मी घरी येऊन हे सांगितलं. सून म्हणाली, "आई, पाळत ठेवणं आणि काळजी घेणं वेगळं. त्यांच्या सुनांना विचारा." मला पटलं. पुढच्या मंगळवारी मी मंडळात तसं बोललेही. दोघींनी तोंडं वाकडी केली, तिसरी मात्र घरी जाताना माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आली आणि आपल्या लेकीबद्दल बराच वेळ बोलत राहिली.

नात आता शाळेत जाते. तिला दोन्ही भाषा सारख्याच येतात. परवा तिनं विचारलं, "आजी, खरी लक्ष्मी कुठली? कन्नडातली की मराठीतली?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात आतून तिची आई ओरडली, "खरी लक्ष्मी इथं भाकऱ्या बडवतीय! ताटं घ्या आधी!"

हल्ली मला मालिकेवर मत द्यायचं झालं, की मी आधी टीव्हीचा आवाज कमी करते. आतून काय उत्तर येतं ते ऐकू आलं पाहिजे ना!